पाच दांड्या, तीन संशयित

१

अमेरिकेतला कुठलासा डॉक्टर हृदयाच्या पेशंटची हकिगत सांगत होता. सांगता सांगता तो श्वास घ्यायला थांबला आणि परत बोललाच नाही.

निकिताने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. शांतता. लॅपटॉपच्या कोपऱ्यात सिग्नलच्या पाच हिरव्या दांड्या असायच्या, त्यांतली एकच उरली होती. बघता बघता तीही गेली आणि तिच्या जागी लाल फुली आली. त्याचं बोलणं ऐकून केलेलं बावीस मिनिटांचं टायपिंग पडद्यावरून पुसलं गेलं. नेट परत आलं तेव्हा ती फाइल कंपनीच्या ढिगात परत जाऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर लागली होती.

बुधवार, सकाळचे अकरा वीस. तिने उशाशी ठेवलेली वही ओढली. वही खरं तर लेकीची, मितूची. मितू सातव्या महिन्यातच जन्मली. तेव्हापासून दूध किती प्यायली, झोपली कधी, अंगात कणकण आहे का, आंघोळ घातली की नुसतं पुसून घेतलं, सगळं निकिता वहीत लिहायची. गेले सतरा दिवस त्याच पानांच्या समासात ती लाल पेनाने नेट तुटल्याच्या वेळा टाकत होती. आज तिने लिहिलं: अकरा वीस. फाइल गेली. नववी.

पाच मिनिटांत फोन वाजला. खराडीच्या ऑफिसातून चैताली मॅडम.

"निकिता, पुन्हा?"

"मॅडम, मी लाइनवाल्याला बोलावलंय."

"लाइनवाला बोलाव, मांत्रिक बोलाव, मला चालेल. घरून काम करायची परवानगी ट्रायलवर आहे, माहीत आहे ना? दहावी फाइल परत आली की सिस्टिमच तुला बाद करते, मी नाही. शुक्रवारी अकरा वाजता मी स्वतः तासभर ऑनलाइन बसणार आहे. खोली बंद, कॅमेरा चालू. तो तास नीट गेला तर परवानगी पक्की. नाही गेला तर सोमवारी खराडीला ये."

फोन ठेवून निकिता पलंगाच्या कडेला बसली. खराडीला जायचं म्हणजे मितूला पाळणाघरात टाकायचं. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, वर्षभर चार पोरांत सोडू नका, हिची छाती अजून नाजूक आहे. सासूबाईंची कंबर गेलेली, दिवसभर मूल उचलणं त्यांच्याने होणार नव्हतं. म्हणजे तिला नोकरी सोडावीच लागली असती.

बाहेर हॉलमध्ये मितू झोळीत कुरकुरली. झोळीपलीकडे टीव्हीच्या कपाटावर वायफायचं यंत्र होतं. त्याचे चारही दिवे हिरवेगार लुकलुकत होते, काही घडलंच नाही असे.

मग नेट तोडलं कुणी?

२

उत्तरेश्वर लाइनवाला दुपारी अडीचला आला. खांद्याला पिशवी, तोंडात बडीशेप. यंत्राला स्वतःचा लॅपटॉप लावून त्याने दहा मिनिटं पाहिलं.

"लाइन ओके आहे, मॅडम. टेलिफोनच्या पॉइंटपासून इथपर्यंत मक्खन. तुमचा लॅपटॉप वायर लावून चालवा की सरळ."

"वायरचं सॉकेट मोडलंय. कंपनी बदलून देणार आहे, पण पंधरा दिवस लागतील."

"मग यंत्र बेडरूममध्ये न्या."

"फोनची वायर इथवरच पोचते. पुढे न्यायची तर भिंत फोडायला हवी, आणि घरमालक भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाही."

उत्तरेश्वर उठून निघाला. हॉल, मधला अरुंद बोळ, मग बेडरूम. बोळात बाथरूमच्या भिंतीला टेकून दोन निळे प्लॅस्टिकचे ड्रम उभे होते, दोनशे-दोनशे लिटरचे. जुन्या लोखंडी स्टुलांवर चढवलेले, खाली तोट्या बसवलेल्या. पाणीकपात लागली त्या आठवड्यात सासूबाईंनी ते जुन्या बाजारातून आणवले होते. स्टूल त्यांच्या कमरेसाठी, वाकायला नको म्हणून.

"यंत्र आणि लॅपटॉप यांच्यात काही आड येत असेल," तो म्हणाला. "लोखंडी कपाट, आरसा, असं काही. नाहीतर दुसरं कारण. वेगळं कुणीतरी तुमच्या नेटवर बसतंय. पिक्चर डाउनलोडला लावला की तुमचा श्वास बंद. पासवर्ड कुणाकुणाला दिलाय?"

"घरातल्यांना." निकिता थांबली. "आणि समोर."

समोर म्हणजे मन्सूर शेखांचं घर. मन्सूरभाई लग्नाकार्यांच्या बिर्याणीचं काम घ्यायचे. त्यांची मुलगी अफशीन इंजिनिअरिंगला. मितू दवाखान्यात काचेच्या पेटीत होती ते चाळीस दिवस अफशीनच्या आईने, सिताराभाभींनी, यांना रोज डबा दिला होता. त्यानंतर अफशीनला प्रोजेक्टसाठी नेट लागलं तेव्हा निकितानेच पासवर्ड लिहून दिला होता, कॅलेंडरचा कागद फाडून.

उत्तरेश्वर गेला आणि निकिता वही घेऊन बसली. पहिल्या आठवड्यातल्या लाल नोंदी: सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि सुट्टीचा रविवार. आजचा बुधवार, परवाचा सोमवार. तिने गॅलरीतून पाहिलं. अफशीन दोरीवर ओढणी वाळत घालत होती.

"अफशीन, आज कॉलेज नाही?"

"सोम, बुध, शुक्र घरीच असते ना, ताई. या सेमिस्टरला मंगळ, गुरू, शनि प्रॅक्टिकल्स आहेत. का?"

"काही नाही. सहज."

निकिताच्या वहीतलेच वार. आत जाऊन तिने पासवर्ड बदलला आणि फोन करून फक्त धम्मदीपला सांगितला.

"बदललास का?" नवऱ्याने विचारलं.

"असाच."

"निकिता, एवढा त्रास होतोय तर सोड ना नोकरी. वर्षभर ओढू कसंतरी."

हे वाक्य तिने मनात बाजूला काढून ठेवलं.

३

गुरुवारी जादू झाली. सकाळी नऊपासून पाचच्या पाच दांड्या. अकरा फाइली, एकही तुटली नाही. उत्तरेश्वरचा शब्द आठवून तिने दुपारी लॅपटॉप हातात धरून बोळात येरझाऱ्या घातल्या. ड्रमच्या अलीकडे पाच, पलीकडे पाच. प्लॅस्टिकच ते, कशाला अडवतंय? ड्रम निर्दोष.

म्हणजे अफशीनच.

संध्याकाळी जिन्यात गाठ पडली. अफशीनच्या हातात कोथिंबिरीच्या जुड्या.

"ताई, नेटचा पासवर्ड बदललात का? प्रोजेक्टचा मेल पाठवायचा होता, जातच नव्हता. मला वाटलं माझ्याकडूनच काही चुकलं."

"बदलला," निकिता म्हणाली. आणि तिथेच थांबायचं, तर तिच्या तोंडून पुढचंही गेलं. "माझी नोकरी जायची वेळ आलीये, अफशीन. कुणी पिक्चर उतरवत बसलं की माझं काम बंद पडतं."

अफशीन एक पायरी खाली तशीच उभी राहिली.

"मी पिक्चर उतरवते असं वाटलं तुम्हाला?"

"पासवर्ड बदलला आणि आज दिवसभर नेट सुरळीत आहे. मी काय समजायचं?"

"आज गुरुवार. मी सकाळी आठपासून कॉलेजात होते," अफशीन सावकाश म्हणाली. "पण ठीक आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, समजल्याच असाल." ती बाजूने वर निघून गेली. कोथिंबिरीची एक काडी पायरीवर पडली, ती उचलायलाही थांबली नाही.

रात्रभर निकिता स्वतःला बजावत राहिली की हिशेब बरोबर आहे. गुन्हेगार सापडला, उद्याचा तास नीट जाईल.

शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला तिने सरावाची फाइल उघडली. पाच दांड्या. चार. तीन. दोन.

फुली.

४

पासवर्ड अफशीनला माहीत नव्हता. तो जगात दोनच माणसांना माहीत होता.

निकिताने नवऱ्याला फोन लावला. धम्मदीप पालिकेच्या ऑफिसात नुकताच टेबलावर बसला होता.

"खरं सांग. तू यंत्रात काही बदललंस का?"

"मी? काय बदलू?"

"बुधवारी म्हणालास, सोड नोकरी. आज माझी परीक्षा आहे आणि नेट गेलंय. पासवर्ड तुलाच माहीत आहे."

पलीकडे कुणीतरी फायली आपटत होतं.

"निकिता, सोड म्हणालो कारण तू गेले तीन आठवडे जेवत नाहीयेस. हॉलमध्ये जा आणि यंत्राचे दिवे बघ. मी काही केलेलं असेल तर सापडेलच तुला." मग खालच्या आवाजात: "तुला असं वाटू शकतं, हे मला आज कळलं."

फोन ठेवला गेला. तिच्या कानाची पाळी गरम झाली होती.

हॉलमध्ये चारही दिवे हिरवे. सासूबाई, चंपाबाई, झोळीला हलका झोका देत पेपर वाचत होत्या. पालिकेच्या शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेली ही बाई. खोलीतून उठली की दिवा, पंखा, टीव्ही, सगळं बंद करून मगच उठायची. म्हणूनच गेले कित्येक दिवस निकिता कामातून उठून दाराच्या फटीतून तिच्या हातांकडे बघत होती.

"आई, तुम्ही या यंत्राचं बटण बंद केलंत का? मघाशी? परवा?"

"त्याच्यावर तू चिठ्ठी चिकटवलीस ना, हात लावू नये म्हणून? मला वाचता येतं."

"चुकून?"

"चुकून मी फक्त एकदाच काही केलंय, धम्मदीपला मराठी शाळेत घातलं नाही, ते." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मला तुझं ते यंत्राशी बोलणं आवडत नाही, हे खरं. पोरगी रडते तेव्हा तुझे कान झाकलेले असतात. पण आवडत नाही म्हणून मी चोरून बटण दाबीन? मला सांगायचं असेल ते मी तोंडावर सांगते."

हेही खरंच होतं. आजवर त्यांनी एकही गोष्ट पाठीमागून केली नव्हती.

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "खडकवासल्यात पाणी आणखी खाली गेलंय. आज दीड तासच सोडलं. नशीब, दोन्ही ड्रम काठोकाठ भरून घेतले."

निकिता बेडरूममध्ये परतली. दहा वाजून पाच मिनिटं. पंचावन्न मिनिटं उरली होती आणि संशयित एकही उरला नव्हता.

५

तिने वही पहिल्या पानापासून पुन्हा उघडली. या वेळी आठवडा-आठवडा न बघता एकामागून एक सगळ्या लाल नोंदी बोटाने मोजत गेली.

पहिला आठवडा: सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी तिने मागे पडलेल्या फाइली करायला लॅपटॉप उघडला होता, तेव्हाही. दुसरा आठवडा: मंगळवार, गुरुवार, शनिवार.

ती दचकली. मंगळ, गुरू, शनि अफशीन कॉलेजात होती. पहिला आठवडा जुळला म्हणून तिने पुढचं पान नीट पाहिलंच नव्हतं. तिसरा आठवडा पुन्हा सोमवार, बुधवार, आणि आजचा शुक्रवार.

म्हणजे हे वाराने चालत नव्हतंच. एक दिवस आड, एक दिवस आड. कॉलेज वाराने चालतं, ऑफिस वाराने चालतं, टीव्हीच्या मालिकासुद्धा. या घरात वार न बघता दिवसाआड येणारं असं काय आहे?

तिची नजर त्याच पानांवर दुसऱ्या बाजूला गेली. मितूच्या आंघोळीचा रकाना. सोमवार, आंघोळ. मंगळवार, पुसून घेतलं. बुधवार, आंघोळ. गुरुवार, पुसून घेतलं. तिने पान उलटलं, परत मागे आली. प्रत्येक लाल नोंदीसमोर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: आंघोळ. एकही अपवाद नाही.

मितूला आंघोळ ज्या दिवशी पाणी येईल त्याच दिवशी. कपात लागल्यापासूनचा सासूबाईंचा नियम.

पाणी.

पण ड्रम तर तिने काल तपासले होते! लॅपटॉप घेऊन दोन्ही बाजूंना उभी राहिली होती, पाच दांड्या होत्या... काल. काल गुरुवार, कोरडा दिवस. दुपारपर्यंत तोट्यांतून गुळण्या भरण्यापुरतं पाणी येत होतं. तिने रिकामे ड्रम तपासून भरलेल्या ड्रमना सोडून दिलं होतं.

ती बोळात धावली. निळ्या प्लॅस्टिकवर तिने बोटाने टकटक केलं. वरपासून खालपर्यंत एकच भरीव, ठोस आवाज. स्टुलांवर चढवल्यामुळे ड्रमचं पोट नेमकं तिच्या टेबलाच्या उंचीला येत होतं. एका बाजूला कपाटावर यंत्र, दुसऱ्या बाजूला तिचा लॅपटॉप, मध्ये चारशे लिटर पाण्याची भिंत. संध्याकाळपर्यंत पाणी वापरलं जाई, पातळी उतरे आणि नेट आपोआप बरं होई.

मायक्रोवेव्हमध्ये अन्न का तापतं, हे तिने कॉलेजात भौतिकशास्त्राच्या पेपरात लिहिलेलं होतं. पाणी त्या लहरी गिळतं म्हणून. वायफायच्या लहरी त्यांच्याच जातीच्या. मार्क पूर्ण मिळाले होते.

दहा वाजून तेरा मिनिटं.

"आई," ती म्हणाली, "हे ड्रम निम्मे रिकामे करायला हवेत. आत्ता. अकराच्या आत."

६

चंपाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. लहरींचं त्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण वहीतले दोन रकाने त्यांनी कारकुनासारखे शेजारी-शेजारी ताडून पाहिले आणि मान हलवली.

"बरोबर आहे तुझं. दोष पाण्याचा."

"मग तोट्या उघडू? बाथरूममध्ये सोडून देते."

"नाही."

"आई, माझी नोकरी..."

"माझी आई गावात विहिरीपासून दहा पावलांवर घागर घेऊन बसायची," चंपाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "कुणी वरून ओतलं तर पाणी. नाही ओतलं तर रिकामी घागर. मी गटारात दोनशे लिटर सोडणार नाही, निकिता. तुझ्या नोकरीसाठी नाही आणि माझ्या मुलासाठीही नाही. दुसरं काय वाटेल ते सांग."

दुसरं एकच होतं. पाणी गॅलरीत हलवायचं. पण घरातल्या बादल्या, कळशा, पातेली सकाळीच भरून ठेवलेली. दोनशे लिटर मावेल असं रिकामं भांडं कुठून आणायचं?

निकिताला ते भांडं कुठे आहे हे माहीत होतं. म्हणूनच ती मिनिटभर जागची हलली नाही.

मग तिने समोरचं दार वाजवलं. दार अफशीनने उघडलं.

"बोला."

"मन्सूरभाईंच्या बिर्याणीच्या देगा... दोन मोठ्या... तासाभरापुरत्या हव्या होत्या."

"कशाला?"

"नेट पाण्याने तुटतंय. ड्रममुळे. तुझ्यामुळे नाही." निकिताला वाटलं होतं, हे बोलायला कठीण जाईल. तसं ते गेलंही. "मी चुकले, अफशीन. पहिलं पान बघितलं आणि थांबले."

आतून सिताराभाभींचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"निकिताताई. देगा मागतायत," अफशीनने निकितावरची नजर न काढता उत्तर दिलं. "अम्मी, पदर खोच. जड आहेत."

पुढच्या पंचवीस मिनिटांत त्या बोळातून तिघी एकमेकींना धडकत राहिल्या. दोन तांब्याच्या देगा गडगडत गॅलरीत आल्या. पाण्याचा पाइप तोटीला लावला, तरी धार बोटाएवढीच, म्हणून वरून बादल्या बुडवल्या. चंपाबाई झोळी हलवत तिथूनच ओरडत होत्या, "सांडू नका गं! सितारा, तुझ्या मागे थेंब पडतायत!"

"थेंबही कपातीत धरता का, आत्या?" सिताराभाभी धापा टाकत म्हणाल्या.

मग अफशीन बेडरूमच्या दारात लॅपटॉप धरून उभी राहिली. कोरड्या आवाजात ती दर थोड्या वेळाने आकडा सांगायची. "एक. अजून एकच. दोन. ताई, डावा ड्रम सोडा, उजव्यातून काढा. तीन." दहा छप्पन्नला ती म्हणाली, "पाच. बदलत नाहीत." आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून बाजूला झाली.

निकिता ओल्या साडीनेच आत शिरली. दार लावलं, कॅमेरा चालू केला.

७

तास सरला. सात फाइली झाल्या. एका डॉक्टरचा खोकला सोडला तर मध्ये काहीही तुटलं नाही.

"ठीक आहे," चैताली मॅडम म्हणाल्या. कौतुक हा त्यांच्या कामाचा भाग नव्हता. "परवानगी पक्की. एक फॉर्म पाठवलाय, भरून आजच परत पाठव."

निकिता बाहेर आली तेव्हा सिताराभाभी गेल्या होत्या. अफशीन चप्पल पायात सरकवत होती.

"झालं?"

"झालं. नवा पासवर्ड लिहून देते, थांब."

"नको, ताई. मी डोंगल घेईन."

"अफशीन, माफी मागितली ना मी."

"मागितलीत. मी ऐकली." अफशीनने झोळीत वाकून मितूच्या गालाला बोट लावलं. "देगा मी हिच्यासाठी उचलल्या. तुमच्यासाठी उचलायला थोडे दिवस लागतील." आणि तिने दार हळूच ओढून घेतलं.

निकिता लॅपटॉपपाशी परत बसली. फॉर्म उघडला. खोली स्वतंत्र आहे का? हो. वीज आणि इंटरनेट सुरळीत आहे का? हो. चौथा प्रश्न: घरून काम करण्यास कुटुंबातील व्यक्तींचं सहकार्य आहे का?

कर्सर लुकलुकत राहिला. सकाळपासून तिने नवऱ्याला फोनवर आरोपी केलं होतं. सासूला तोंडावर विचारलं होतं. त्याआधीचे किती दिवस ती दाराच्या फटीतून सासूबाईंच्या हातांकडे बघत होती, हे तर त्यांना माहीतही नव्हतं. तिने 'हो' वर टिचकी मारली, पण फॉर्म पाठवला नाही. लॅपटॉप उघडाच ठेवून ती हॉलमध्ये गेली आणि चंपाबाईंच्या पायांपाशी जमिनीवर बसली.

"आई, मला काही सांगायचंय. ऐकून राग येईल. पण मध्ये उठून जाऊ नका."

चंपाबाईंनी झोळीची दोरी दुसऱ्या हातात घेतली.

"बोल," त्या म्हणाल्या. "परवा पाणी येईपर्यंत मला कुठे उठायचंय?"